सव्वादोनचा हात

“मापच चोरतात मेले हे कारखानेवाले हल्ली. सव्वादोन म्हणून देतात आणि निघतं दोनचं,” इंदूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

कानाशी म्हणजे अगदी कानाशी. बांगड्या भरताना कासारीण आणि गिऱ्हाईक यांची डोकी एकमेकींवर आपटायचीच बाकी असतात. संक्रांतीचा आदला दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत होता आणि बांगडी बोटांच्या मुळाशी, मूठ वळली की चार हाडं वर येतात तिथं, अडकून बसली होती.

“व्हय की,” मी म्हणाले. “या खेपेचा माल लहानच आलाय.”

बोलता बोलता मागच्या फळीवरून एक माप मोठा, दोन-सहाचा डझन ओढला, पदराआड सोडला आणि त्यातल्या बांगड्या त्यांच्या हातात चढवल्या. बाईंनी ते पाहिलं की नाही, हे मी पाहिलं नाही. न पाहणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे.

मालात काहीही खोट नव्हती.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तासगावात बाजारपेठेच्या बोळात खाली माझं बांगड्यांचं दुकान आणि वर, लाकडी जिन्याने गेलं की, इंदूबाई चौगुल्यांचा टायपिंगचा क्लास. सकाळी सातला वर बारा मशीनं एकदम सुरू व्हायची. माझ्या फळ्यांवरच्या बांगड्या त्या ठोक्यांनी बारीक बारीक किणकिणत राहायच्या. नवीन गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, “पाऊस लागला काय वं?” मी म्हणायची, “न्हाई, सरकारी नोकरी लागायची तयारी चाललीय.” कारण वर बसलेल्या प्रत्येकीला टायपिंगची परीक्षा पास होऊन कुठल्या तरी कचेरीत चिकटायचं होतं. त्यातल्या किती चिकटल्या देव जाणे. माझ्याकडून बांगड्या मात्र सगळ्यांनी भरल्या.

मी सातवी शिकलेली. वाचनाची गोडी लागली ती बांगड्यांच्या खोक्यांत कोंबून येणाऱ्या जुन्या पेपरांमुळे. माल उत्तरेकडचा, तेव्हा पेपर हिंदी. म्हणून माझं हिंदी आधी सुधारलं आणि मराठी मागून आलं. एकदा दुपारी बाईंनी मला असला एक चुरगळलेला तुकडा वाचताना पकडलं. “चल वर,” म्हणाल्या. मशीनवर बसवलं आणि शेजारी उभं राहून एकेक बोट जागेवर ठेवायला लावलं. “करंगळीलाही काम दे रत्ना. फुकट बसून खाते ती.” वर्षभर दुपारी एक ते दोन मी त्यांच्याकडे शिकले. आज हे चार शब्द लिहितेय ते त्या दुपारांच्या जोरावर. वर आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून कसलाही आवाज येत नाही.

बाईंना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे दुखतात तो नव्हे. तरुण वयात धरतो आणि हातापायांची बोटं सुजवून वाकवत नेतो, तो. माझ्या ओळखीच्या आधीची दोन वर्षं त्यांनी फार वाईट काढली होती. मृदुला, त्यांची एकुलती मुलगी, पुण्यातली नवी नोकरी सोडून घरी येऊन बसली होती. आईची वेणी घालायची, ब्लाउजची बटणं लावायची, भाकरीचे तुकडे करून द्यायची. मग मिरजेच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सुरू केलं. पंधरा दिवसांनी एकदा पोटावर टोचायचं, तोवर फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी ठेवायचं. त्या इंजेक्शनाने बाईंचे हात त्यांना परत मिळाले. मी ओळखते ते हेच हात. सव्वादोनचे, सडपातळ, मशीनवर ठेवले की बघत राहावे असे.

दोन वर्षं असं छान चाललं आणि त्या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन थांबवून बघू.

त्या दिवशी बाईंचे यजमान, चौगुले सर, यांच्या शाळेत तपासणी होती. ते चित्रकला शिकवायचे. म्हणून बाईंबरोबर मी गेले होते. डॉक्टर तरुण, उंच, आणि खुर्चीत कधीच नीट न बसणारे.

“म्हणजे मी बरी झाले?” बाईंनी विचारलं.

“आजार झोपलाय. गेला असं मी म्हणणार नाही. आठवड्याची गोळी चालू ठेवायची, फक्त इंजेक्शन बंद.”

“आणि उठला तर?”

“साधारण निम्म्या लोकांचा वर्षभरात उठतो. निम्म्यांचा नाही. तुम्ही कुठल्या निम्म्यात, हे आज मला सांगता येत नाही. रक्त चांगलं आहे. सोनोग्राफीत एका बोटाच्या मुळाशी अगदी पुसट सूज दिसतेय, बाहेरून कळतसुद्धा नाही अशी. ती जास्त असती तर मी थांबवलंच नसतं.”

मला राहवलं नाही. “हाडाच्या आतलं बघणारं मशीन हाय तुमच्याकडं, आन् दोन महिन्यांनी काय हुईल ते दिसत न्हाई व्हय?”

बाईंनी मला कोपर मारलं. डॉक्टर मात्र हसले. “नाही ना दिसत. त्यासाठी जगभर माणसं डोकं फोडतायत. अंदाज करता येतो, सांगता येत नाही.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “म्हणून एकच गोष्ट पाळायची. सूज आली, सकाळी बोटं आखडली, की त्याच आठवड्यात मला कळवायचं. लवकर कळलं तर इंजेक्शन पुन्हा सुरू करतो, बहुतेकांचं पुन्हा ताब्यात येतं. उशीर केलात आणि सांधा खराब झाला, तर तो मला परत देता येणार नाही. रोज तुमचे हात कोण बघतं?”

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “ही. माझी कासारीण.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, थट्टा न करता. “छान. मग तुम्ही माझं मशीन. काही वेगळं वाटलं तर तुम्ही सांगायचं.”

“सांगते की,” मी म्हणाले.

येताना एसटीत बाई खिडकीशी बसून दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. एखादी बघते ना, मूल झोपलंय की नुसतं डोळे मिटून पडलंय, तशा.

त्या हिवाळ्यात मृदुलाचं लग्न ठरलं. मुलगा बंगळूरला, चांगला, हसरा. तिलाही तिथंच नोकरी मिळाली. फाल्गुनातली तारीख धरली. मृदुला एकदाच काय ते बोलली होती, माझ्याच दुकानात, आईदेखत: “आईचं नीट आहे म्हणून जातेय मावशी. नाहीतर मी कुठली जाते?” बाई त्यावर हसल्या आणि त्यांनी विषय बदलला.

आणि मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती बांगडी अडकली.

आता कुणी म्हणेल, तू सांगितलं का नाहीस? डॉक्टरांनी तुला नेमलं होतं. खरं आहे. पण माझ्या सासूबाईंनी मला डॉक्टरांच्या वीस वर्षं आधी नेमलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला बांगडी भरायला शिकवलं, आणि त्याबरोबर गप्प बसायला. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. कुणाचा हात जाडावला तर माप मोठं घ्यायचं, पण बोलायचं नाही. कुणाचा वाळला तर लहान घ्यायचं, बोलायचं नाही. कुणाच्या मनगटावर बोटांचे वळ असले तर त्यावर बांगड्या दाट भरायच्या, बोलायचं नाही. “तिच्या हातातलं तिच्या घरात जातं. आपण आपली काच सांभाळायची,” सासूबाई म्हणायच्या. बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते कासारणीच्या हाताला कळतं, आणि कळलेलं तोंडावर येत नाही म्हणूनच त्या हात पुढे करतात. वीस वर्षांत माझी जीभ इतकी तयार झाली होती, की ‘माल लहान आलाय’ हे मी ठरवून बोललेच नाही. ते आपोआप आलं. खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. सभ्यपणा केल्यासारखं वाटलं.

त्या दिवसानंतर वरच्या मशीनांचा आवाज मी कान देऊन ऐकू लागले. बाईंची एक सवय होती: नवीन पोरी आल्या की स्वतः एक पान टाईप करून दाखवायचं. बारा मशीनांच्या गोंधळातही त्यांचं मशीन वेगळं कळायचं. एकसारखं, मध्ये न थांबणारं, ओळ संपली की घंटी, की पुढची ओळ. जानेवारीच्या शेवटी ते पान ऐकू येईनासं झालं. नुसता आवाज यायचा, “करंगळी, करंगळी वापर!”

एका सकाळी चौगुले सर सेफ्टी पिना घ्यायला आले. अख्ख्या आयुष्यात सरांनी पिना घेतल्या नसतील.

“रत्नाताई,” ते काउंटरवरची काच पुसत म्हणाले, “तुम्ही बाईंना बघताच की. म्हणजे... सगळं बरं आहे ना?”

“बरं हाय की.”

“नाही, म्हणजे मीच हल्ली चहा करतो. भाजीही चिरतो. हौस म्हणून.”

“चांगलंय की सर. पुरुषांनी शिकावंच.”

“तेच म्हणतो मी,” सर म्हणाले आणि पिना तशाच ठेवून सुटल्यासारखे गेले.

चार दिवसांनी मृदुला आली. रुखवताच्या काही वस्तू हव्या होत्या. जाताना उंबऱ्यात थांबली. “मावशी, आईला साडीला पिन लावता येत नाही. म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“वाढला असंल.”

“हो ना? मलाही तसंच वाटलं.” तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “तुम्ही आईचे हात बघता ना अधूनमधून?”

“बघते की.”

“मग झालं तर.”

आता आठवलं की वाटतं, ती दोघं माझ्याकडे खरं ऐकायला आलीच नव्हती. मी खोटं सांगेन एवढा त्यांना विश्वास होता, आणि तो मी पुरता पाळला. बाई हल्ली सांगलीला असतात, लिफ्ट असलेल्या इमारतीत. दर रविवारी माझा आणि त्यांचा फोन होतो. वांग्यापासून राजकारणापर्यंत सगळं बोलतो. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र बाहेरच्या बाजूला कललेली आहेत. ती संक्रांत ते लग्न या दोन महिन्यांत कलली. त्यावरून बाई मला एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

महाशिवरात्रीच्या सुमारास मी एकदा दुपारी वर गेले. पोरी नव्हत्या. बाई मागच्या खोलीत स्टोव्हशी खटपट करत होत्या. टेबलावर डॉक्टरांनी दिलेले तक्ते पडले होते. दर आठवड्याचा एक कागद: सकाळी बोटं किती वेळ आखडतात, सूज आहे का, किती सांधे दुखतात. महिन्याचे कागद एकदम पोस्टाने मिरजेला पाठवायचे, असं ठरलं होतं. तीन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं, ती तारीख बाईंनी लग्नानंतरवर ढकलली होती. मी वरचा कागद उचलला. बाईंच्या स्वच्छ टायपात उत्तरं होती. नाही. नाही. शून्य. खालचा कागद तसाच. त्याच्या खालचाही. मग तारखा वाचल्या. फेब्रुवारी संपायचा होता आणि कागद मार्चचे होते, एप्रिलचे होते, मेचे होते. एका बैठकीत टाईप केलेले. शाई सगळ्यांची सारखीच गडद. बोटं चालत होती तेव्हाच बाईंनी पुढच्या सगळ्या आठवड्यांना ‘नाही’ लिहून ठेवलं होतं.

मागून चाहूल लागली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, मी त्यांना पाहिलं.

“चहा घेणार?” बाई म्हणाल्या.

“घेते की.”

“मग गाळ तूच. पातेलं फार तापलंय.”

पातेलं काही फार तापलं नव्हतं. मी चहा गाळला. बाईंनी कप दोन्ही तळव्यांत धरला, बोटं न वळवता. आम्ही मंगल कार्यालयाबद्दल बोललो, जेवणात मठ्ठा ठेवायचा की कढी याबद्दल बोललो. उठताना त्या म्हणाल्या, “एवढं लग्न पार पडू दे गं.” कशासाठी ते त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी चौगुल्यांच्या घरी चुडा भरायचा होता. आमच्या कामातला हा मानाचा दिवस. नवरी मुलीला हिरवा चुडा, तिच्या आईला, आत्याला, मावश्यांना, आल्यागेल्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या. कासारणीला पाट, हळदकुंकू, ओटी. पहिली बांगडी देवापुढे ठेवायची आणि त्यानंतर समोर आलेला एकही हात मोकळा पाठवायचा नाही. मी बाईंसाठी वेगळी जुडी बांधून नेली होती, अडीचची. सव्वादोनच्या हाताला अडीच म्हणजे हात खाली सोडला की बांगडी घरंगळून पडेल. पण मी विचार केला, ऐन वेळी अडायला नको.

मृदुलाचा चुडा झाला. सरांची बहीण, इचलकरंजीच्या आत्या, प्रत्येक बांगडीला सूचना देत होत्या. “घट्ट भर गं, वर्षभर टिकला पायजे. आमच्या टायमाला रक्त यायचं, तवा कुठं चुडा म्हनायचा.” बायका हसत होत्या. सर उगाचच दारात उभे होते.

मग बाई समोर येऊन बसल्या. हात मोकळाच होता. मनगटाच्या आतल्या बाजूला एक बारीक लाल चीर दिसली, ताजी. मी संक्रांतीला भरलेल्या बांगड्या निघेनात म्हणून त्यांनी सकाळी न्हाणीघरात त्या वाढवल्या होत्या. कुणाला कळू न देता, नळ सोडून.

“मोठ्या आणल्यास ना?” त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

“आणल्यात.”

मी त्यांचा हात घेतला. अंगठा आत दुमडला, बोटांची मुळं एकमेकींजवळ घेतली आणि बांगडी सरकवली. अडीचची बांगडी. ती पहिल्याच हाडाशी थांबली. माझ्या तळव्याला त्यांच्या सांध्यांचा गरमपणा लागत होता. मी जरासा दाब दिला, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड हसतच होतं.

“साबण आन गं कुनीतरी,” आत्या म्हणाल्या. “हात फुगलाय लग्नघरच्या कामानं.”

“खोबरेल द्या,” सर दारातून म्हणाले. “खोबरेलाने बसेल.”

“मीठ कमी कर आई, मिठाने येते सूज,” मृदुला म्हणाली. ती आईकडे बघत नव्हती. आपल्या कोपरापर्यंत भरलेल्या हिरव्या हातांकडे बघत होती.

साबण आला. तेल आलं. बाईंनी डोळे मिटून मान हलवली, चालू दे. मला ठाऊक होतं, मी भरू शकते. वीस वर्षांत न भरलेला हात नव्हता. अजून थोडा दाब, बाईंनी अजून थोडं सोसायचं, बांगडी आत. मग दोन दिवसांनी अक्षता, मग मुलगी बंगळूरला, आणि इथे क्लासच्या टेबलावर मे महिन्यापर्यंतचे ‘नाही’ तयार. सगळं सभ्यपणे पार पडलं असतं.

मी बांगडी मागे घेतली आणि पाटाखाली ठेवली. मग बाईंचा हातही त्यांच्या मांडीवर ठेवला, पालथा, हळू.

आत्या पुढे सरसावल्या. “अगं बया! चुड्याला बसलेल्या बाईचा हात मोकळा सोडत्यात व्हय गं? हे कसलं लक्षण?”

“रत्ना, भर,” बाई म्हणाल्या. “मला काही होत नाही.”

“भरा ना रत्नाताई,” सर म्हणाले.

माझी जीभ टाळूला चिकटली होती. काचेच्या धंद्यातली जीभ ती. मी ती कशी सोडवली मला आठवत नाही. आवाज मात्र आठवतो, कारण तो माझ्या ओळखीचा नव्हता.

“न्हाई भरत,” मी म्हणाले. “बाई, तुमचं दुखणं परत आलंय. तुमाला ठावं हाय, सरांना ठावं हाय, या पोरीला ठावं हाय. आन् मला संक्रांतीपासनं ठावं हाय.”